पीएचडीच्या अर्जात वावर, जागल आणि खंजिरी लिहायची का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. गाव दारव्हा तालुक्यात. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, आणि विहिरीखाली एक एकर ओलिताचं. बी.एस्सी. झाल्यावर वडिलांचा पाय मोडला म्हणून एक वर्ष घरी राहिलात. त्या वर्षी वावर सांभाळून मामांच्या दुकानात मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीचं तारेचं वेटोळं नव्याने भरणं, शिकलात. हिवाळ्यात घरी गेलात की हरभऱ्याच्या जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाता. गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवता. आता एका संशोधन संस्थेच्या पीएचडीच्या अर्जात 'वैयक्तिक पार्श्वभूमी, आवडी आणि छंद' असं एक पान लिहायचं आहे. सिनियर म्हणाला, 'वाचन, प्रवास, संगीत असं लिही. शेतीचं नाव काढू नको, नाहीतर त्यांना वाटेल हा पोरगा दर पंधरा दिवसांनी घरी पळेल.' आणि अगदी शेवटी तुम्ही विचारलंय, की निवड झालीच तर हे सगळं सोडावं लागेल का.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक लिहिण्याचा आणि एक जगण्याचा. पानभर जागेत स्वतःबद्दल काय सांगावं हा पहिला. पीएचडीची पाच-सहा वर्षं आणि गावाकडचं घर दोन्ही कसं निभवावं हा दुसरा. तुमच्या सिनियरने दुसऱ्या प्रश्नाची भीती धरून पहिल्याचं उत्तर दिलंय, म्हणून ते मला पटत नाही. मी याच भागातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवतो, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो आणि मुलाखती घेणाऱ्यांतही बसतो. तेव्हा दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळं बोलतो.

या पानाला किती वजन आहे ते संस्थेवर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत असं निवेदन बारकाईने वाचलं जातं. आपल्याकडे पीएचडीच्या प्रवेशाला नेट, गेट, जेस्ट यांपैकी एखाद्या परीक्षेचा निकाल आणि त्यानंतरची मुलाखत हेच मुख्य. हार्मोनिक ऑसिलेटर सोडवता येत नसेल तर कितीही सुंदर लिहिलेलं पान तुम्हाला वाचवणार नाही, हे मनात पक्कं असू द्या. पण मुलाखतीची पहिली पाच-दहा मिनिटं पुष्कळदा याच पानावरून सुरू होतात. समोरचा मुलगा घाबरलेला असतो, त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. त्याला जरा मोकळं करावं म्हणून कोणीतरी कागदावर नजर टाकतं आणि विचारतं, 'हे जे लिहिलंय, ते जरा सांगा.' तिथून बोलणं कुठे जाईल हे तुम्ही काय लिहून ठेवलंय त्यावर ठरतं.

म्हणून मी माझ्या मुलांना एकच कसोटी सांगतो. ज्यावर लागोपाठ तीन प्रश्न आले तरी तुमच्यापाशी सांगण्यासारखं उरेल, तेवढंच लिहा.

'वाचन' या शब्दाला ही कसोटी लावून बघा. काय वाचता? अलीकडे काय वाचलं? त्यातलं काय पटलं नाही? तुम्ही खरोखर वाचणारे असाल तर तिसऱ्या प्रश्नाला तुमचा चेहरा खुलेल. मग जरूर लिहा. पण सिनियरने सांगितलं म्हणून लिहिलं असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला जीभ अडखळते, आणि पुढच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नांना तुम्ही तोच अडखळलेला आवाज घेऊन सामोरे जाता. नुकसान त्याचं असतं.

मुलं माझ्याकडे येऊन म्हणतात, 'सर, माह्यापाशी छंद-गिंद काही नाही.' मग बोलता बोलता कळतं की एक जण पोळ्यासाठी बैलांच्या झुली स्वतः शिवतो. एकीने आजीच्या तोंडची भुलाबाईची गाणी वहीत उतरवून ठेवली आहेत. गडचिरोलीकडचा एक जण दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत लाइट सांभाळतो. यालाच छंद म्हणतात आणि हे लिहिण्याजोगं आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आता तुमचंच घेऊ. मोटर रिवाइंडिंग तुम्ही एका ओळीत उरकलंय, नाइलाजाने केलेलं काम असल्यासारखं. माझ्या मते तुमच्या पानातली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे. समजा तुम्ही लिहिलं, 'एक वर्ष मी शेतीपंपाच्या थ्री फेज मोटरी रिवाइंड केल्या. एक फेज गेल्यामुळे जळलेल्या मोटरी आमच्याकडे नेहमी येत.' पहिला प्रश्न येईल, एक फेज गेल्यामुळेच जळली हे कसं ओळखायचं? तुम्ही सांगाल की मोटर उघडली की स्टेटर, म्हणजे वेटोळी बसवलेला स्थिर भाग, बघूनच कळतं. स्टार जोडणी असेल तर दोन फेजची वेटोळी काळी ठिक्कर पडलेली असतात आणि तिसऱ्या फेजची कोरी करकरीत राहतात. डेल्टा असेल तर उलट, एकाच फेजची जळतात आणि दोन शाबूत असतात. सगळीच एकसारखी काळी पडली असतील तर कारण दुसरं, म्हणजे जास्त लोड किंवा कमी व्होल्टेज. हे उत्तर ऐकून समितीतला प्रायोगिक भौतिकशास्त्राचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. मी ते पाहिलेलं आहे.

दुसरा प्रश्न: एक फेज नसताना मोटर सुरू केली तर ती नुसती हुंकारते, फिरत नाही. पण फिरत्या मोटरची फेज गेली तर ती फिरतच राहते. असं का? इथे तुम्ही फळ्यावर जाल. तीन फेजमुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. एक फेज गेली की उरतं ते एकाच रेषेत कमीजास्त होणारं क्षेत्र. त्याची फोड उलटसुलट फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांत करता येते. रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, स्थिर असताना दोघांचा पीळ (टॉर्क) एकमेकांना खोडतो. रोटर आधीच एका दिशेने फिरत असेल तर त्या दिशेच्या क्षेत्राचा पीळ वरचढ ठरतो. तिसरा प्रश्न: मग फिरत असेल तर जळते कशामुळे? कारण तेवढंच पाणी उपसायचं तर उरलेल्या दोन तारांतून सुमारे १.७३ पट करंट जातो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ओव्हरलोड रिले हे थांबवण्यासाठीच असतो. पण रात्रीची लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो बसवलेला, सारखी ट्रिप होते म्हणून रिले काढून थेट जोडलेला, आणि माणूस घरी झोपलेला, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. सकाळी मोटर दुकानात येते.

हे सगळं विद्युतचुंबकत्वाच्या पुस्तकातलंच आहे. फरक इतकाच की पुस्तक वाचलेले बरेच जण असतात आणि जळलेलं वेटोळं हातात धरलेला तुम्ही एकटे असता. प्रायोगिक प्रयोगशाळांना अशा हाताची फार गरज असते. व्हॅक्यूम पंप बंद पडला, चुंबकाचा वीजपुरवठा बिघडला, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत आठवडा जातो. न घाबरता पेटी उघडणारा विद्यार्थी असेल तर तो आठवडा वाचतो. तेव्हा हे काम 'परिस्थितीमुळे करावं लागलं' या सुरात लिहू नका. 'हे मला येतं' या सुरात लिहा.

जागलीचं पण तसंच. बाहेरच्या वाचकासाठी एक वाक्य खर्च करा: रानडुकरं आणि रोही (नीलगाय) हरभरा फस्त करतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्रभर वावरात मचाणावर बसावं लागतं. मग त्या रात्रींत तुम्ही काय पाहिलं ते लिहा. तुम्ही म्हणता आकाश बघायला आवडतं. नुसतं 'आकाशनिरीक्षण' लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. पण वडील तिकांडं (मृगातले एका ओळीतले तीन तारे) बघून रात्र किती सरली ते सांगतात, आणि तुम्ही ते घड्याळाशी ताडून पाहिलं, असं लिहिलं तर बोलण्यासारखं पुष्कळ निघतं. तोच तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. का? पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते, उरलेली चार मिनिटं सूर्याभोवती पुढे सरकल्यामुळे लागतात. त्याहून गोड प्रश्न मृगाचा आहे. आपल्याकडे मृग लागतो ७-८ जूनला आणि पेरणीची लगबग सुरू होते. पण आकाशातला मृग रात्रभर दिसतो तो डिसेंबरात, जागलीच्या दिवसांत. हे कसं? पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून तेव्हा मृग दिवसा आकाशात असतो आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला गेला की तोच मृग संध्याकाळी उगवून पहाटेपर्यंत राहतो. पृथ्वीच्या आसाचा भोवरा साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतो, म्हणून मृग लागण्याची तारीखही तेवढ्या काळात एखाद्या दिवसाने पुढे जाते. घरातल्या माणसाच्या तोंडून आलेलं ज्ञान आणि एम.एस्सी.चा अभ्यास इतक्या सहज एकमेकांना भेटतात, ते लपवायचं कशाला?

या छंदाला थोडी शिस्त लावायची असेल तर आता हिवाळाभर एक काम करा. मृगातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे बीटलग्यूज, आणि वृषभेतली रोहिणी यांच्या तेजाची नुसत्या डोळ्यांनी तुलना करून तारीख, वेळ आणि अंदाज वहीत लिहा. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी इतका मंदावला होता की रोहिणीहून फिका दिसत होता. त्याने बाहेर फेकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आड आली होती आणि त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग थंडही झाला होता, असं नंतर निघालं. ते मंदावणं साध्या डोळ्यांना दिसत होतं आणि त्यासाठी दुर्बीण लागत नव्हती. अंधारं आकाश लागत होतं, ते तुमच्या वावरावर आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांना त्यासाठी गाडी करून लांब जावं लागतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षावही बघा. उल्का मोजताना दर तासाची संख्या वेगळी लिहा आणि आकाशाचा किती भाग ढगाने झाकला होता तेही लिहा. अशी दोन पानांची वही मुलाखतीला सोबत नेली तर तिचा उपयोग होतो. कोणी मागितली नाही तरी तुमच्या बोलण्यात ती उतरते.

खंजिरीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मुलांना एकदा ही युक्ती कळली की ती प्रत्येक आवडीला भौतिकशास्त्राचं शेपूट लावायला लागतात. तसं करू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा मोझरीपासून आपल्या गावोगावी आली आहे, तुम्ही लहानपणापासून तिच्यात आहात, गुरुवारी रात्री मंडळात बसता, एवढंच सरळ लिहा. तिथे तीन प्रश्न भजनावरचे आले तरी तुम्हाला उत्तरं आहेत. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस एसराज वाजवत, ते काही आकडेमोडीसाठी नाही. पण कोणी छेडलंच तर तयारी असावी. शाई (तबल्यावरचा काळा गोल लेप) नसलेल्या गोल कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे येतात, पूर्णांकात येत नाहीत, म्हणून खंजिरीला तबल्यासारखा नेमका सूर लागत नाही. तबला आणि मृदंगावरची शाई हे स्वर पूर्णांकांच्या जवळ आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल पडतं, विस्तवाजवळ धरलं की सुकून ताणलं जातं आणि कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढते. इतकं ठाऊक असू द्या. लिहिताना मात्र खंजिरीला खंजिरीच राहू द्या.

आता पार्श्वभूमीचा परिच्छेद. इथे आपली मुलं दोन टोकांना जातात. एक तर सगळं झाकतात, 'वडिलांचा व्यवसाय: शेती' यापुढे अक्षर नाही. नाहीतर 'मी एका अत्यंत गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलो, प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत शिकलो' असं लिहितात. दुसरं वाक्य खोटं नसतं. पण ते इतक्या अर्जांत असतं की वाचणाऱ्याला त्यात तुम्ही दिसतच नाही. माझा सल्ला: काय घडलं, तुम्ही काय केलं, त्यातून काय आलं, या क्रमाने लिहा आणि विशेषणं गाळा. तुमच्यासाठी असं काहीतरी:

'आमची पाच एकर शेती आहे. बी.एस्सी.नंतर वडिलांच्या पायाला दुखापत झाल्याने मी एक वर्ष घरी राहून शेती पाहिली आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम केलं. मोटरीचं वेटोळं भरताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा धडा मला पहिल्यांदा नीट समजला. त्याच वर्षी मी एम.एस्सी.च्या प्रवेशाची तयारी केली. घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच.'

पाच वाक्यं. गॅपचा खुलासा झाला, शेती आली, हाताचं काम आलं आणि कोणाकडे दया मागितली नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यात एका छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मले. पुराच्या प्रदेशात वाढलेला हा माणूस ताऱ्यांतल्या आयनीभवनाचं समीकरण मांडल्यावरही दामोदर नदीच्या पुरांवर लिहीत राहिला. माणूस जिथून येतो तिथले प्रश्न त्याच्यासोबत येतात. समितीतल्या चांगल्या माणसांना ते ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या भागातून लिहिताना बोलावीच लागते. काही घरांत कर्जापायी फार मोठा घाला पडलेला असतो. असं काही कोणाच्या घरी झालं असेल तर ते अर्जात लिहिणं बंधनकारक नाही. लिहावंसं वाटलं आणि त्यावर कोणी प्रश्न विचारला तर तुम्ही शांतपणे बोलू शकाल याची खात्री असेल, तरच लिहा. घरातलं दुःख म्हणजे अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र नाही. आणि कोणी मुलाखतीत नको इतकं खोदायला लागलं तर 'त्याबद्दल आज बोलणार नाही, सर' एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

भाषेचं थोडक्यात. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत आणा, वाक्यं लहान ठेवा. रोही, जागल, खंजिरी हे शब्द तसेच ठेवून पुढे एका वाक्यात सांगा. मुलाखतीत इंग्रजी अडलं तर दोन क्षण थांबा, फळ्यावर आकृती काढा आणि ती दाखवत बोला. आकृतीने पुष्कळ भागतं.

इथवरचं गोळा करायचं तर: मोटर सविस्तर, जागल आणि आकाश मध्यम, खंजिरी दोन ओळी, घर आणि गॅप पाच वाक्यं. वाचन-प्रवास खरे नसतील तर नकोत.

आता दुसरा प्रश्न, हे सगळं सोडावं लागेल का. याचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: विषय कोणता, संस्था किती लांब आणि घरी मागे कोण आहे.

सैद्धांतिक काम किंवा दुर्बिणीच्या विदेचं (डेटाचं) विश्लेषण असेल तर लॅपटॉप घेऊन आठ दिवस गावी राहता येतं, अर्थात नेट चाललं तर. प्रायोगिक काम असेल तर तसं जमत नाही. दिल्लीच्या त्वरक (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) केंद्रात किंवा इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉन यंत्रावर तुमच्या गटाला ठरावीक दिवस मिळतात, ते दिवस पुन्हा मागून मिळत नाहीत. द्रव हेलियम भरून प्रयोग लावला की तो संपेपर्यंत हलता येत नाही. आणि शेतीलाही स्वतःच्या तारखा आहेत. पेरणी पावसावर, सोयाबीनची सोंगणी ढगांवर, कापसाची वेचणी तर दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन महिनोन् महिने चालते. दोन्हीकडे सगळं सांभाळायला गेलात तर दोन्हीकडे बोलणी खाल. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मार्गदर्शकांना स्पष्ट सांगा: वर्षातले अमुक दोन आठवडे मला घरी लागतात, बाकी वेळ मी इथे आहे. दर वेळी आजारी आजीचं कारण सांगून सुट्टी घेणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा असं आधी सांगणारा विद्यार्थी मला मार्गदर्शक म्हणून कितीतरी बरा वाटतो. बहुतेकांना तसंच वाटतं. काही मार्गदर्शक ऐकून घेत नाहीत, म्हणून गट निवडण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. प्रकल्पाच्या विषयाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

वेचणीला तुम्ही स्वतः जाण्यापेक्षा मजुरीचे पैसे पाठवणं पुष्कळदा सगळ्यांच्या सोयीचं असतं. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि सिनियरची ४२,००० आहे, घरभाडे भत्ता वेगळा. नेटची फेलोशिप नसेल तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण एक गोष्ट नीट ऐका: हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत. पहिला हप्ता तर रुजू झाल्यावर कित्येक महिन्यांनी येऊ शकतो. तेव्हा फेलोशिपच्या भरवशावर गावात कोणाकडून उचल घेऊ नका, आणि तीन महिन्यांचा मेसचा खर्च बाजूला राहील याची आधी तजवीज करा. घरी किती पाठवायचं तो आकडा आईवडिलांसोबत बसून ठरवा. 'पोराला सदतीस हजार पगार' अशी बातमी गावात पसरली की लग्नाची स्थळं आणि उसनवारी मागणारे एकदमच येतात. वडिलांना आधीच समजावून सांगा की ही शिष्यवृत्ती आहे, ठरावीक वर्षांची आहे आणि नोकरी त्यानंतर शोधायची आहे.

छंदाबद्दल मी ठाम आहे. सोडू नका. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असा काळ येतो की महिनोन् महिने प्रयोग लागत नाही, समीकरण सुटत नाही, बरोबरीचे मित्र नोकरीला लागलेले असतात आणि गावी गेलं की लोक विचारतात, 'काहून बापू, अजून शिकूनच राहिला का?' त्या काळात ज्यांच्यापाशी त्याच संध्याकाळी पुरं होणारं काहीतरी असतं ती मुलं तगतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. कोणी रोडगे भाजून अख्ख्या विंगला जेवू घालतो, कोणी वसतिगृहातले पंखे दुरुस्त करतो. तुम्ही खंजिरी सोबत न्या. आठवड्यातला एक रात्रीचा तास तिला द्या. आणि तो तास कामाच्या वेळेतून चोरलेला आहे असं समजू नका.

मुलाखतीत कोणी सरळच विचारलं, 'घरची शेती आहे, मग तुम्ही वारंवार जाल का?' तर उत्तर तयार ठेवा. 'शेती वडील बघतात. वर्षातून दोन आठवडे मी लागतो, ते मी आधी सांगून ठरवीन. बाकीच्या वेळी मजूर लावायचं घरी ठरलं आहे.' हे खरं असेल तरच म्हणा. म्हणजे मुलाखतीच्या आधी घरी ते ठरवून घ्या. धाकटा भाऊ आहे म्हणालात, त्यालाही त्या बोलण्यात बसवा. ओझं त्याच्यावर पडणार आहे आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

शेवटचं काम शिफारसपत्राचं. ज्या प्राध्यापकांचं पत्र घेणार आहात त्यांना तुमच्या रिवाइंडिंगबद्दल आणि आकाशाच्या वहीबद्दल बहुधा ठाऊकच नसेल. त्यांना अर्धं पान लिहून द्या आणि जमलं तर विभागातल्या प्रयोगशाळेतलं एखादं बंद पडलेलं उपकरण त्यांच्या देखत दुरुस्त करून दाखवा. मग तेच आपल्या पत्रात लिहितील. पत्रासाठी निदान पंधरा दिवस आधी भेटा. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मागितलेलं पत्र दोन ओळींचं येतं.